मसाई माराची जमीन भाड्याची आहे, हे लेखात का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाच्या टाळेबंदीत पर्यटक थांबल्यामुळे आफ्रिकेतील प्राणी कसे सुखावले, हे सांगणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखिकेची प्राण्यांवरील माया खरी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु केनियाच्या मसाई मारातील रिकामे रस्ते, गाड्यांच्या गर्दीविना नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप आणि निवांत पहुडलेले सिंह यांच्या वर्णनाला दोन रकाने देताना, ज्यांच्या जमिनीवर हे सिंह वावरतात त्या मसाई कुटुंबांवर 2020 साली काय ओढवले याला एक ओळही मिळू नये, हे मला अजिबात पटले नाही. त्यात शेवटच्या चौकटीत मदतीचा मार्ग म्हणून हत्तीचे पिल्लू दत्तक घेण्याचा एकच उपाय दिलेला पाहिला आणि राहवले नाही.

मसाई मारा म्हटले की आपल्यापुढे सरकारी अभयारण्य येते. ते आहेच, नारोक काउंटीच्या ताब्यात, सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे. पण त्याला लागून जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रावर ज्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी मोकळी राखलेली क्षेत्रे, आहेत, मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी वगैरे, त्यांची जमीन मसाई कुटुंबांच्या खाजगी मालकीची आहे. असे जमीनमालक 14 हजारांवर आहेत. तेथे पर्यटकांच्या मुक्कामाचे कॅम्प चालवणारे या कुटुंबांना दरमहा ठरलेले भाडे देतात आणि त्या बदल्यात मालक आपल्या जमिनीला कुंपण घालत नाहीत, ती नांगरत नाहीत आणि गुरे ठरवून दिलेल्या पट्ट्यातच चारतात. पाहुणे आले काय किंवा न आले काय, भाडे द्यायचेच, असा बहुतेक ठिकाणी करार आहे. मार्च 2020 मध्ये केनियाची आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली, ती ऑगस्टमध्ये सुरू झाली. आदल्या वर्षी वीस लाखांवर परदेशी पाहुणे आलेल्या देशात त्या वर्षी सहा लाखही आले नाहीत. कॅम्प ओस पडले, तेव्हा हे भाडे कोठून यायचे? अनेक ठिकाणी मालकांना कमी भाड्यावर राजी व्हावे लागले आणि तरीही त्यांनी जमिनी मोकळ्या ठेवल्या. लेखिकेने ज्या निवांत सिंहांचे कौतुक केले आहे, त्यांच्या निवांतपणाची किंमत या लोकांनी मोजली आहे.

लॉकडाउनमध्ये ताडोबाच्या गाइडांवर आणि जिप्सीचालकांवर आलेल्या वेळेबद्दल आपल्याच अंकात चांगले लेखन आले होते आणि ते वाचून आमच्या ओळखीतील काहींनी मोहर्लीला पैसेही पाठवले. ताडोबात गाइडाची चूल थंडावली तरी जंगल वन खात्याचे असल्यामुळे ते जागेवर राहते. माराच्या कॉन्झर्व्हन्सीत भाडे थांबले तर जागाच जाते. एका मालकाने नाइलाजाने तारेचे कुंपण घातले की शेजारीही घालतो आणि जनावरांची वाट तेथेच तुटते. माराच्या उत्तरेकडील लोइटा पठारावरून येणारे विल्डबीस्ट किती घटले आहेत, हे तेथील कोणीही जाणकार सांगेल. हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याने पर्यटक गेल्याचा आनंद साजरा करू नये.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आम्ही 2018 साली अशाच एका कॉन्झर्व्हन्सीत राहिलो होतो. आमचा गाइड तिथलाच मसाई तरुण होता. एका संध्याकाळी गाडी थांबवून त्याने समोरच्या टेकडीखालील बाभळीच्या रांगेकडे बोट दाखवले आणि तेथून ओढ्यापर्यंतची जमीन आपल्या वडिलांची असल्याचे सांगितले. त्या जमिनीवर त्या वेळी एक सिंहीण आणि तिची पिल्ले बसलेली होती. मग त्याने मोबाइल काढून भाडे जमा झाल्याचा एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या तिथल्या सेवेचा, संदेश दाखवला. त्याच पैशातून धाकट्या बहिणीची शाळेची फी भरली जाते, असे तो म्हणाला. सिंहीण समोर बसलेली असताना माझी पत्नी त्या मोबाइलच्या पडद्याकडेच पाहत राहिली होती, इतके ते आम्हा दोघांना नवीन होते.

त्याच ओढीने ऑगस्ट 2020 साठी आम्ही पुन्हा त्याच कॅम्पचे आरक्षण केले. धाकटा भाऊ, वहिनी आणि बँकेतील दोन जुने सहकारी असा गट जमला आणि आमच्याच शहरातील एका सहल कंपनीकडे जानेवारीत पूर्ण पैसे भरले. एप्रिलमध्ये विचारणा केली तेव्हा पैसे पुढे केनियात गेले आहेत आणि कॅम्पवाले ते परत करायला तयार नाहीत, असे उत्तर मिळाले. पुढे एक क्रेडिट नोट हाती ठेवण्यात आली, ती 2021 अखेरपर्यंत वापरायची आणि दर वाढले तर फरक आम्हीच भरायचा. पैसे खरोखरच कॅम्पकडे असते तर मी एक शब्दही बोललो नसतो, कारण त्या वर्षी त्यांना त्यांची आमच्यापेक्षा जास्त गरज होती.

पण आमच्या गाइडाचा व्हॉट्सॲप क्रमांक माझ्याकडे होता. त्याच्यामार्फत कॅम्पच्या व्यवस्थापकाशी बोललो, तेव्हा त्यांनी आमच्या आरक्षणाचा कागदच पाठवला. नावापुरत्या अनामत रकमेखेरीज त्यांना काहीही मिळालेले नव्हते. उरलेली रक्कम पाहुणे येण्याच्या साठ दिवस आधी पाठवण्याची अट होती आणि ती तारीख येण्यापूर्वीच सगळे बंद पडले होते. म्हणजे आमचे पैसे आमच्याच शहरात पडून होते आणि दोष मात्र केनियातील माणसांच्या माथी मारला जात होता.

मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. आम्हाला पैसे परत नकोत, आमच्या रकमेतील कॅम्पचा वाटा तेवढा कॅम्पला पाठवा म्हणजे त्यांना जमिनीचे भाडे देता येईल, सहल आम्ही पुढे केव्हाही करू, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. गटातील सर्वांच्या सह्या होत्या. उत्तर आले नाही. अखेर मीच दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडचा तरुण म्हणाला, "काका, तिकडचं तिकडचे लोक बघून घेतील, तुम्ही कशाला टेन्शन घेता?" हे वाक्य मी आजवर विसरू शकलेलो नाही. विमान तिकिटांचे पैसे परत करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर 2020 मध्ये आला, पण तो तिकिटांपुरता. कॅम्पच्या पैशांसाठी कोणाचे दार ठोठवायचे, हे आम्हाला अजून कोणी सांगितलेले नाही.

गेल्या महिन्यात, म्हणजे जानेवारी 2021 मध्ये, केनियातील शाळा नऊ-दहा महिन्यांनी पूर्णपणे उघडल्या. गाइडाचा संदेश आला की भाडे निम्म्यावर आले आहे, मध्यंतरी गुरांचे बाजारही बंद होते, आणि आता बहिणीच्या फीसाठी गायी मिळेल त्या भावाला विकाव्या लागल्या. त्याने माझ्याकडे काहीही मागितले नाही. आम्ही केव्हा येणार, एवढेच विचारले. त्या संदेशानंतर पंधरवड्याच्या आत प्राण्यांच्या मोकळ्या श्वासावरील आपला लेख वाचावा लागला, म्हणून हा राग.

माणसाचे पोट आणि प्राण्याचा जीव वेगळे काढता येत नाहीत, हे त्याच वर्षी युगांडात दिसले. ब्विंडीच्या जंगलातील न्कुरिंगो गटाचा म्होरक्या, राफिकी नावाचा नर गोरिला, जून 2020 मध्ये भाल्याने मारला गेला. मारणारा लहान जनावरांच्या शिकारीसाठी जंगलात शिरला होता. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या महिन्यांत युगांडात शिकारीच्या घटना आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक नोंदल्या गेल्या. पर्यटनावर जगणाऱ्या गावांची मिळकत थांबली की फासे लागतात आणि फासा हरीण की गोरिला हे पाहत नाही. उलट केनियात 2020 मध्ये एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. लेखिकेने याचे श्रेय शांततेला दिले आहे. माझ्या मते ते कापलेल्या पगारावरही रात्रीची गस्त न सोडणाऱ्या रेंजरांचे आहे. केनिया सरकारने मे 2020 मध्ये 160 कॉन्झर्व्हन्सींसाठी 100 कोटी शिलिंग आणि गावोगावच्या 5,500 रखवालदारांसाठी आणखी तेवढेच जाहीर केले, ते काही उगाच नाही. नामिबियातही सरकार, संस्था आणि देणगीदारांनी मिळून तेथील 86 सामुदायिक कॉन्झर्व्हन्सींसाठी तातडीचा निधी उभारला आणि त्यातून रखवालदारांचे पगार चालू ठेवले.

हत्तीच्या पिल्लाबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. नैरोबीच्या शेल्ड्रिक ट्रस्टने अनाथ पिल्ले वाढवून पुन्हा त्सावोच्या रानात सोडली आहेत आणि वर्षाला 50 डॉलर देऊन कोणीही त्यात सहभागी होऊ शकतो. ज्यांना द्यायचे आहेत त्यांनी अवश्य द्यावेत. पण वाढलेले पिल्लू ज्या रानात सोडायचे ते रान आणि त्याच्या कडेची गावे टिकवण्यासाठीही त्याच चौकटीत दोन ओळी हव्या होत्या. माराच्या कॉन्झर्व्हन्सींची स्वतःची संघटना आहे, मसाई मारा वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सीज असोसिएशन. अंबोसेलीच्या बाजूला बिग लाइफ फाउंडेशन स्थानिक तरुणांना रेंजर म्हणून पगारावर ठेवते. देणगी देण्यापूर्वी संस्थेला एकच गोष्ट विचारावी, की यातील किती रक्कम जमिनीच्या भाड्याला आणि रखवालदारांच्या पगाराला जाते. संस्था चांगली असेल तर आकडा सांगते.

आपल्या वाचकांच्या सोयीसाठी आणखी थोडे. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे प्राप्तिकरात 80 जी ची सवलत मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. पैसे परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) बँकेतून रीतसर पाठवता येतात. त्यासाठी फॉर्म ए-2 भरावा लागतो. खिडकीवरील कर्मचाऱ्याने परत पाठवले तरी व्यवस्थापकाकडे जावे. मी स्वतः बँकेत नोकरी केली आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो की यात बेकायदा काही नाही. आणि ज्यांच्या आफ्रिकेच्या सहली अडकल्या आहेत त्यांनी त्या रद्द न करता पुढे ढकलाव्यात, मात्र आपले पैसे नेमके कोणाकडे आहेत हे कॅम्पला थेट विचारून घ्यावे. कॅम्पचा पत्ता सहल कंपनी देत नसेल तर तिला लेखी मागावा.

आपल्या पुरवणीत सहल कंपन्यांच्या पानभर जाहिराती असतात, तो आपला व्यवसाय आहे आणि त्याला माझी हरकत नाही. पण त्याच कंपन्यांकडे 2020 च्या परदेशी सहलींचे किती पैसे पडून आहेत आणि त्यातील किती खरोखर पुढे पोहोचले, हे आपल्या बातमीदाराने एकदा विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आमच्या प्रकरणाची सर्व कागदपत्रे मी त्यांना दाखवायला तयार आहे.

शेवटी, लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. त्यातील हत्ती आफ्रिकेतील नाही. कान लहान, पाठीला कमान आणि माथ्यावर दोन उंचवटे स्पष्ट दिसत आहेत, म्हणजे हा आपल्याकडील हत्ती आहे. आफ्रिकेतील हत्तीचा कान खांदा झाकतो आणि पाठ मध्ये खोलगट असते. खालच्याच चौकटीत आफ्रिकेतील हत्तीसाठी मदतीचे आवाहन असल्याने येत्या रविवारी दुरुस्ती छापावी.

कळावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक