भावा, पुसायच्या आधी विचारलंस त्याबद्दल

तू नाव टाकू नका म्हणालास म्हणून टाकत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या छोट्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानातला पोरगा एवढंच लिहितो, ज्याला कळायचं त्याला कळंल. त्या दिवशी गडबडीत तुला नीट चहा पण पाजता आला नाही, तेव्हापासून मनात राहिलंय.

उद्यमनगरात आमचं बारकं वर्कशॉप, फौंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं मशीनिंग करतो. बिलं, चलनं सगळी एकाच कॉम्प्युटरवर. जुनं सॉफ्टवेअर जीएसटी आला तेव्हाचं, २०१७ चं, ब्राउझरमध्ये उघडायचं, आणि बसवताना त्यानं आपल्याबरोबर अपाची (ब्राउझरला पानं पुरवणारा वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटा साठवायचा डेटाबेस) पण बसवलेलं. नवीन घेतलं तेव्हा त्या कंपनीच्या माणसानं जुनं अनइन्स्टॉल केलं, यादीतनं नाव गेलं, पण अपाची आणि मायएसक्यूएल मागंच राहिलं आणि मशीन चालू झालं की अपाची पण चालू होऊन ८० नंबरचा पोर्ट, म्हणजे ब्राउझर ज्या दारानं आत येतो ते दार, धरून बसायचं. नवीन सॉफ्टवेअरला पण तोच पोर्ट पाहिजे, मग ते कुठलं चालतंय. आणि इकडं ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायचं.

तुझ्या आधी आलेल्यांचं काय सांगू. जुनं विकणारे म्हणाले आता तुम्ही आमचे गिऱ्हाईक नाही. नवीन विकणाऱ्यांचा माणूस आला, खुर्चीवर नीट टेकला पण नाही, "फॉरमॅट मारायला लागंल" म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. आणखी एकानं तर सी ड्राईव्हमधलं दिसंल ते सिलेक्ट करून डिलीट मारायला घेतलेलं, मी त्याचा हात धरला म्हणून वाचलं. आमचे आबा शेजारीच बसलेले असायचे. ही सगळी बिलं इतकी वर्षं एका बोटानं त्यांनीच टाईप केलीत. पण त्यांना एका शब्दानं कुणी विचारलं नाही.

तू अपाचीची सर्व्हिस शोधलीस, बंद केलीस, काढलीस, ते झालंच, ज्याला काम येतंय तो माणूस ते करतोच. पण मायएसक्यूएल काढायच्या आधी तू थांबलास. ते तसंच चालू करून आतलं टेबल उघडलंस, मॉनिटर आबांकडं फिरवलास आणि म्हणालास, "आबा, ही पार्टींची नावं तुमच्या ओळखीची हाईत का? काढू का ठेवू?" आबा चष्मा लावून पुढं सरकले आणि एकेक नाव वाचायला लागले, ह्याचं बिल अजून यायचंय, हा वारला आता त्याचा पोरगा बघतोय, आणि तू काहीही घाई न करता ऐकत बसलास आणि मग सगळ्याची कॉपी पेन ड्राईव्हवर काढून त्यांच्या हातात दिलीस. जीएसटीचा हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायला लागतो भावा, फॉरमॅट मारला असता तर आम्ही काय दाखवणार होतो कुणाला?

आणि तो आयनेटपब नावाचा फोल्डर. मला वाटलं हा पण त्याच घाणीतला. तू म्हणालास, "न्हाई दादा, तुमच्यात आयआयएस, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, चालूच न्हाई, हा २०२५ च्या एप्रिलच्या अपडेटनं विंडोजनंच तयार केलाय, रिकामा दिसला तरी सिक्युरिटीसाठी हाय, मायक्रोसॉफ्टनंच काढू नका म्हणून सांगितलंय." काय काढायचं हे सांगणारे लई भेटले, काय ठेवायचं हे सांगणारा तू एकटाच.

२०१९ च्या महापुरानंतर शाहूपुरीत मावशीच्या घरात चिखल काढायला गेलेलो तेव्हा असंच बघितलेलं. कुठनं कुठनं पोरं आलेली, ओळख ना पाळख, त्यातली काही भिजलेला एक कागद सुद्धा बाहेर टाकायच्या आधी "मावशी हे लागणाराय का?" म्हणून विचारायची. मावशी अजून त्या पोरांना आशीर्वाद देते. दुसऱ्याच्या घरातलं काय कचरा आणि काय नाही हे आपण ठरवायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलं असंल माहीत नाही, पण तुझ्या आईवडिलांनी तुला शिकवलंय हे दिसलं. खरंच मनापासून आभार.

रिटर्न वेळेत गेलं. आबा विचारतात तो पोरगा परत कधी येणार, तेव्हा काम नसलं तरी येऊन जा. आणि उद्यमनगरातल्या बाकीच्यांनो, फॉरमॅट म्हणणारा कुणी आला तर आधी त्याला डेटाचा फोल्डर कुठं आहे ते दाखवायला सांगा, दाखवता आला नाही तर मशीनला हात लावू देऊ नका.