माथ्यावर न येणारा उपग्रह

मा. संपादक,

ध्रुवावर जीपीएस चुकतो, म्हटले की लोक थंडीला दोष देतात. कारण मात्र आकाशात आहे. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, जाताना रेंगाळतो. ही दिरंगाई दोन वेगवेगळ्या वारंवारिता वापरून बरीचशी वजा करता येते. खरी डोकेदुखी वेगळीच. सूर्याकडून आलेले कण चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे उतरतात, आयनांबर गुठळ्यागुठळ्यांचे होते, संदेश चांदणीसारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरच्या हातून निसटतो. त्यात जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या. ऐन ध्रुवावर एकही उपग्रह माथ्यावर येत नाही. संदेश तिरका, म्हणजे आयनांबरातली वाटही लांब.

आपण गोंयकार सुटलो असेही नाही. विषुववृत्ताच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर असाच लुकलुकाट होतो (कारण वेगळे), आणि ट्रॉलरवरचा तांडेल यंत्राला शिव्या घालतो!

'मैत्री' आणि 'भारती' या अंटार्क्टिकातल्या तळांचा कारभार पाहणारे राष्ट्रीय केंद्र वास्कोत, हेडलँड सड्यावर आहे. शाळांच्या सहली दरवर्षी त्याच त्या किल्ल्यांवर जातात. एखादी बस सड्याकडेही वळवावी.

— एक वाचक, मुरगाव