सराफ्याआधी राजवाडा पाहा

महोदय,

पुण्या-मुंबईचे पाहुणे हल्ली इंदूरला येतात ते सराफा बाजारात खायला. त्यांच्या संध्याकाळच्या सहलींबद्दल एक कळकळीची विनंती. सराफांच्या पेढ्या बंद झाल्यावरच तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, तोवर वेळच वेळ असतो. तो हॉटेलात कशाला घालवायचा? उजेड असतानाच कृष्णपुरा छत्र्यांपाशी या. होळकरांच्या या स्मारक-छत्र्यांवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसतं. तिथून राजवाडा अगदी जवळ. सात मजली दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी! परवा एका गाइडने पाहुण्यांना तिथे फोटोपुरतंच थांबवलं. फार वाईट वाटलं.

मग खुशाल सराफा गाठा. आधी ‘भुट्टे का कीस’ घ्या. मक्याचं कणीस किसून, तुपात परतून दुधात शिजवतात. हिवाळा असेल तर गराडू, म्हणजे एक प्रकारचा कंद, सोडू नका. तळून ठेवलेल्या फोडी गाडीवाला पुन्हा कढईत सोडतो, कुरकुरीत झाल्या की लिंबू पिळून वर जिरावण मसाला भुरभुरतो. नूडल्स तुमच्याकडेही मिळतात, पोटातली जागा त्यांवर घालवू नका.

— एक मराठी गृहिणी, इंदूर