जुन्या पिकअपला हेडर: आवाजाच्या आधी पुलिंग आणि बोल्ट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मोटार पुरवणीत जुन्या पिकअपला आफ्टरमार्केट हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या कंपनीच्या मॅनिफोल्डऐवजी बाजारात मिळणारा नळ्यांचा संच, बसवण्यावर आलं होतं ते वाचलं, आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. विषय घेतलात हे फार चांगलं केलंत, पण सगळा भर आवाजावर आणि हॉर्सपॉवरवर होता, आणि ज्याच्याकडे वीस-तीस वर्षं जुनी माल वाहणारी पिकअप आहे त्याला या दोन्हीपेक्षा पुलिंग, म्हणजे ओझं ओढायची ताकद, हवं असतं. मी फक्त पेट्रोल इंजिनाबद्दल बोलतोय, टर्बो डिझेलचं प्रकरण वेगळं, तिथे टर्बोच मॅनिफोल्डवर बसलेला असतो.

आधी हेडर नक्की काय करतो ते. कंपनीचा मॅनिफोल्ड बिडाचा, जाड, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच आखूड पोकळीत सोडणारा, त्यामुळे एका सिलिंडरच्या धुराचा दाब दुसऱ्याच्या तोंडावर येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी असते आणि त्या पुढे जाऊन कलेक्टरमध्ये एकत्र येतात. धुराचा एक झोत नळीतून जोरात गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो, नळ्यांची लांबी आणि जाडी जमून आली असेल तर तो कमी झालेला दाब पुढच्या सिलिंडरचा उरलेला धूर ओढून घेतो आणि आत हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण जास्त येतं. सगळा फायदा इथेच आहे, आणि तो धुराच्या वेगावर अवलंबून आहे.

म्हणूनच मोठी नळी म्हणजे जास्त ताकद हे डोक्यातून काढून टाका. दीड इंची नळीच्या जागी पावणेदोन इंची घेतली तर आतली जागा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढते, धूर संथ होतो आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे भरलेली गाडी चढावर उचलताना, इंजिन पहिल्यापेक्षा ढिलं वाटतं. ताकद वाढते ती वर, चार-साडेचार हजाराच्या पुढे, आणि मालाची पिकअप तिथे रोज कोण चालवतं? साध्या, आतून काही न बदललेल्या इंजिनाला बारीक नळीचा हेडर घ्या, आणि चार नळ्या आधी दोनात व मग एकात मिळतात तो प्रकार मिळाला तर तो घ्या, त्याने मधल्या आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चांगला पसरतो. आखूड नळ्यांचा हेडर बसायला सोपा पण फरकही थोडाच, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

दुसरं म्हणजे पत्र्याची जाडी. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, 18 गेज म्हणजे साधारण सव्वा मिमी आणि 14 गेज म्हणजे जवळपास दोन मिमी. रोजच्या गाडीला 14 किंवा निदान 16 घ्यावा, पातळ पत्रा टिकटिक आवाज बाहेर सोडतो आणि लवकर सडतो. पण त्याहून महत्त्वाची फ्लँज, म्हणजे इंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) टेकणारी पट्टी. ती साडेनऊ मिमीच्या आसपास जाड असावी, नाहीतर तापल्यावर वाकते आणि मग मधलं सांधा बंद करणारं गॅस्केट कुठलंही असो, टिकत नाही. विकत घेताना फ्लँजवर सरळ पट्टी धरा आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातो का बघा, नवाकोरा हेडर सुद्धा वेल्डिंगने वाकलेला निघतो.

आता खरं काम, म्हणजे जुना मॅनिफोल्ड उतरवणं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. बिडाचा लांब मॅनिफोल्ड तापून लांबीत फुगतो आणि थंड होऊन आखडतो, ही ओढाताण सगळ्यात जास्त टोकाच्या बोल्टना बसते, म्हणून तुटतात ते बहुतेक वेळा पहिले आणि शेवटचे. थंड इंजिन चालू केल्यावर टकटक येते आणि गरम झाल्यावर बंद होते ना, ती बऱ्याचदा हीच, तुटलेल्या बोल्टजवळून होणारी गळती. पोर्टशेजारी, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या भोकाशेजारी, हेडवर काळी रेघ उमटलेली असेल तर शंकाच नको.

आदल्या दिवशीपासून आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडत राहा, मध्ये इंजिन थोडं गरम करून थंड होऊ द्या, पुन्हा ऑइल. उघडताना एकदम जोर लावू नका, पाव फेरा उघडा, थोडा परत आवळा, मग पुन्हा उघडा. बोल्ट रबरासारखा मऊ पिळला जातोय असं हाताला लागलं की तिथेच थांबा, तो आता तुटणार. तुटलाच आणि थोडा तुकडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून नटच्या आतून वेल्ड करायचं, लाल असताना हात लावायचा नाही, थोडं निवू द्यायचं आणि मग पान्याने हळू फिरवायचं. वेल्डच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि तुकडा कितीतरी वेळा मुकाट्याने बाहेर येतो. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर हे आणखी सोपं, कारण पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही. तुकडा आतच राहिला तर मात्र बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या फेऱ्याच्या बिटने ड्रिल करावं लागतं, आणि मध्य चुकला तर हेडचे आटे गेले, मग हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे बसवणं. ज्याने हे कधी केलं नाही त्याने या एका कामासाठी चांगला मिस्त्री शोधावा, यात काही कमीपणा नाही.

बसवताना हेडचा चेहरा खरवडून स्वच्छ, आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ, सगळे बोल्ट आधी बोटाने पूर्ण आत जातात का ते बघून घ्या. आवळायचं मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, आणि दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने. गॅस्केट कागदी-पुठ्ठ्याचं घेऊ नका, अनेक थरांचं स्टीलचं किंवा तांब्याचं घ्या. मग इंजिन पूर्ण गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि परत आवळा. हे पुन्हा आवळणं जो टाळतो त्याचं गॅस्केट काही आठवड्यांत उडतं आणि दोष हेडरला जातो!

गळती म्हणजे नुसता आवाज नव्हे हे मला कळकळीने सांगायचंय. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठे फट असेल तर धुराच्या दोन झोतांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, प्लग काळे आणि ॲव्हरेज खाली. लांब हेडरमध्ये सेन्सर इंजिनापासून दूर जातो आणि जुना एक वायरवाला सेन्सर तीनशे डिग्रीच्या वर गेल्याशिवाय नीट कामच करत नाही, म्हणून हीटरवाला सेन्सर लावायचा, तोही नळीच्या वरच्या अंगाला, खाली लावला तर साठलेलं पाणी त्याला मारतं. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर उलट, हेडरनंतर मिश्रण पातळ होऊ शकतं, म्हणजे पेट्रोल कमी पडू शकतं, कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तपासून घ्या.

आणि कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, आणि जुन्या पिकअपच्या केबिनचा तळ गंजून भोकं पडलेला असतो, तळातल्या भोकांवरची रबरी झाकणं फाटलेली असतात. मागे कॅनोपी (मालाच्या जागेवरचं छत) लावलेली आणि केबिनची मागची काच उघडी असेल तर चालत्या गाडीत मागचा धूर उलटा आत येतो. आधी तळ बुजवा, टेलपाइप बॉडीच्या बाहेरपर्यंत न्या, मग हेडरचं बघा. धूर कमी विषारी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीतून तो काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला देणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. हवा आपल्याच पोरांच्या नाकात जाते, आणि कितीतरी देशांत असं करणं कायद्याने गुन्हाही आहे.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. स्टार्टर, प्लगच्या वायरी, ब्रेकची आणि पेट्रोलची लाइन हेडरजवळून जाते का ते इंजिन चालू असताना रेस देऊन बघा, कारण इंजिन माउंट, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार, दबून गेलेले असतील तर इंजिन तिरपं होतं आणि उभ्या गाडीत दिसणारी फट चालत्या गाडीत उरत नाही. स्टार्टरला हीट शील्ड लावाच. साध्या स्टीलच्या हेडरला कापडी पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, तिच्याखाली ओल धरून नळ्या सडतात, त्यापेक्षा सिरॅमिक कोटिंग केलेला हेडर घेतलेला परवडतो.

शेवटी एक विनंती सगळ्या वाचकांना. उतरवलेला बिडाचा मॅनिफोल्ड चांगला असेल तर भंगारात देऊ नका, तेल लावून गुंडाळून ठेवा. जुन्या मॉडेलचा मूळ मॅनिफोल्ड पुढे शोधून मिळत नाही, आणि धुराच्या तपासणीला किंवा गाडी विकताना तोच परत लावायची वेळ येते.

आपला,
एक नियमित वाचक