वसंतात येणारे आणि जाणारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी सरत आला की ‘पक्षी परतले’ अशा मथळ्यांखाली छायाचित्रे छापून येऊ लागतात. ती मी आवडीने पाहते. पण परतले ते कुठून, हे सहसा कोणी सांगत नाही. कोकीळ, दयाळ आणि तांबट यांच्यापुरते उत्तर सोपे आहे. ते बहुतेक कुठे गेलेलेच नसतात. हिवाळ्यात ते गप्प असतात, एवढेच. दाट पानांत बसणारा कोकीळ ओरडला नाही, तर तो समोरच्या झाडावर असूनही आपल्या लेखी नसतो.

कावळ्याचे म्हणाल तर उष्ण प्रदेशातला कावळा बारमाही रहिवासी. कॅनडाच्या उत्तरेकडचे कावळे मात्र खरोखरच हिवाळ्यात दक्षिणेला सरकतात आणि बर्फ पुरते वितळायच्या आत परत येतात. एवढी घाई का, याचा छडा तिथेच लागला. विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने एडमंटनमध्ये जुंको नावाचे छोटे पक्षी ऐन थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि एका पिंजऱ्यात रोज थोडा थोडा वेळ वाढवत विजेचे दिवे लावले. बाहेर कडाक्याची थंडी असूनही दिव्याखालच्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत सुरू झाला, त्यांची प्रजननग्रंथी वाढू लागली. १९२५ मध्ये त्याने हे ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. पुढे कावळ्यांवरही असेच प्रयोग केले. म्हणजे पक्षी पाहतात तो दिवस किती लांबला ते, ऊब नव्हे. आणि ‘पाहतात’ हेही तितकेसे खरे नाही. हा प्रकाश कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो, त्यासाठी डोळे लागतातच असे नाही.

परसातल्या कावळ्यात हा बदल टिपायला दुर्बीण लागत नाही. थव्याने वावरणारे कावळे जोडीजोडीने दिसू लागतात. काटक्यांची निवड सुरू होते, आणि ती भलतीच चोखंदळ असते. खाली पडलेल्या ढीगभर काड्या सोडून हा पठ्ठ्या झाडाची जिवंत डहाळी वाकवून वाकवून तोडतो. तारेचा तुकडा मिळाला तर विचारूच नका. याच सुमारास कोकीळही घसा साफ करतो. त्याच्या मादीला अंडी घालायला कावळ्याचे घरटे हवे असते, तेव्हा दोघांचे वेळापत्रक जुळणे भागच आहे. कोकिळामागे चिडून धावणारा कावळा त्या दिवसांत मला तरी अजिबात दुष्ट वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. वसंतात पक्षी परततात हे थंड देशांतले चित्र आहे. आपल्याकडे थंडीपुरते आलेले पाहुणे याच दिवसांत निघतात. शेपटी हलवत अंगणात फिरणारे धोबी एप्रिलपर्यंत उत्तरेकडे गेलेले असतात. पळस आणि सावरीच्या फुलांवर कलकलाट करणाऱ्या भोरड्याही मध्य आशियाकडे वळतात. कोकिळाच्या गजरात हे जाणे कुणाला ऐकू येत नाही. शिवाय आलेला पक्षी त्याच दिवशी कळतो. गेलेला पक्षी मात्र दोन-चार दिवसांनी, ‘अरे, धोबी दिसला नाही बऱ्याच दिवसांत’ असे म्हटल्यावर कळतो. म्हणून शेवटच्या दर्शनाची तारीख हवी असेल, तर तो पक्षी दिसला त्या प्रत्येक दिवशी नोंद करावी लागते. काम कंटाळवाणे आहे, पण कॅलेंडरच्या चौकटीत एक टिंब पुरते.

तेव्हा विनंती अशी, की पहिल्या कूजनाच्या बातम्या जरूर छापा, पण एप्रिलअखेर ‘शेवटचा कधी दिसला’ अशा वाचकांच्या नोंदींनाही एखादा स्तंभ द्या. माझ्या कॅलेंडरवरची टिंबे मी पाठवीन.

आपली,
एक नियमित वाचक