यंत्राला सीसीचा पैसा नको

महोदय,

एसएमई आयपीओंच्या, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांच्या पहिल्या जाहीर शेअर विक्रीच्या, बातम्या वाचून सातपूर, शिरोलीसारख्या एमआयडीसीतले कारखानदारही ‘शेअर काढू की कर्ज घेऊ’ असे विचारू लागले आहेत. त्याआधीचा प्रश्न राहून जातो : आज गुंतवलेला पैसा किती वर्षांनी मोकळा होणार? विस्तारात फसलेली बहुतेक खाती व्याजदराने नव्हे, मुदतीने मारलेली असतात.

समजा, उलाढाल पाच कोटी. तिच्या 20 टक्के या ठोकताळ्याने एक कोटीची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेली उचल मर्यादा) मंजूर आहे, 60 लाख उचललेत. माल आणि येणी मिळून 1.60 कोटी, पुरवठादारांचे देणे 25 लाख. चालू गुणोत्तर, म्हणजे माल-येणी भागिले सीसीची उचल आणि पुरवठादारांचे देणे, 1.88, छान. उरलेल्या 40 लाखांतून व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातू कापण्याचे) यंत्र घेतले जाते; नवा प्रस्ताव नको, शाखेत खेपा नकोत. देणी 1.25 कोटी होतात, गुणोत्तर 1.28 वर येते. बँकेला 1.33 हवे असते. पुढची ऑर्डर आली की कच्च्या मालाला पैसा नाही. यंत्र स्टॉक स्टेटमेंटमध्ये (बँकेला द्यायच्या माल-येण्यांच्या यादीत) धरता येत नाही, 90 दिवसांवरची येणी बँक सहसा वगळते, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या यादीच्या आधारे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, घसरते. खाते सलग 90 दिवसांहून अधिक मर्यादेबाहेर राहिले की एनपीए, म्हणजे थकीत (अनुत्पादक) कर्ज. तेही ऑर्डरी हातात असताना!

याच यंत्राला 30 लाखांचे मुदत कर्ज आणि 10 लाख स्वतःचे, ही रीत. दहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे 63,700 रुपये, वर्षाला साडेसात लाखांच्या वर. बँक वर्षाच्या हप्त्यांच्या दीडपट कमाई मागत असेल तर करोत्तर नफा, घसारा आणि व्याज मिळून साडेअकरा लाख दिसायला हवेत. स्वतःचे 10 लाख मात्र खरोखर स्वतःचे असावेत; पर्सनल लोन काढून भरलेले मार्जिन (स्वतःचा वाटा) म्हणजे दुसरा हप्ताच.

शेअर भांडवलाला हप्ता नाही, पण ते फुकटही नाही. 25.17 टक्के कर भरणाऱ्या कंपनीला दहा टक्क्यांचे कर्ज करसवलतीनंतर साडेसात टक्क्यांना पडते. लाभांशावर अशी वजावट नाही आणि भागधारकाची अपेक्षा बँकेपेक्षा जास्तच असते. नवे उत्पादन, नवी बाजारपेठ, म्हणजे उत्पन्न कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, तिथेच हे भांडवल शोभते. प्रोप्रायटरी फर्मला तर त्यासाठी आधी कंपनी व्हावे लागते. एसएमई आयपीओसाठी आता गेल्या तीनपैकी दोन वर्षे किमान एक कोटीचा कार्यकारी नफा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा) लागतो, आणि प्रवर्तकाचे कर्ज त्या पैशातून फेडता येत नाही.

म्हणून एक विनंती. आयपीओची बातमी देताना किती पट भरणा झाला याबरोबर यंत्रासाठी किती, बँकेचे कर्ज फेडायला किती आणि ‘सर्वसाधारण कामांसाठी’ किती, हे तीन आकडेही छापावेत. ते प्रॉस्पेक्टसमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) असतातच.

– एक सनदी लेखापाल, कोल्हापूर