पालकमंत्री साहेब, गुरुजींचं नाव यादीतून कुणी काढलं?

मा. पालकमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

15 ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर भाषणात तुम्ही म्हणालात की यंदा 28 सप्टेंबरला, माहिती अधिकार दिनी, प्रत्येक तालुक्यात माहिती अधिकारासाठी लढणाऱ्या आणि निर्भीडपणे लिहिणाऱ्या माणसांचा सत्कार करणार. मी मागे उभी होते, मनापासून टाळ्या वाजवल्या आणि घरी पोचायच्या आधीच गुरुजींना फोन लावला. पुढं तालुक्याच्या यादीत त्यांचं नाव आलं, ऑफिसातून त्यांचा फोटो पण मागून घेतला.

27 तारखेला संध्याकाळी सातला फोन आला की यादी बदललीय. का बदलली ते सांगेनात. खूप विचारल्यावर एक कर्मचारी हळूच म्हणाला, त्यांचं अपील आपल्याच विरोधात पेंडिंग आहे ना ताई, मग स्टेजवर कसं बोलावणार. गुरुजी तरी गेले. इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले आणि ज्या साहेबांनी त्यांच्या अर्जावर "माहिती व्यापक स्वरूपाची असल्याने देता येत नाही" असं लिहिलं होतं त्यांनाच शाल-श्रीफळ मिळताना बघितलं. मी शेजारी होते साहेब, मला बघवलं नाही.

गुरुजी कोण ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार म्हणून सांगते. 74 वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. माहिती अधिकाराचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 ला लागू झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पहिला अर्ज टाकला, रेशन दुकानाच्या साठा रजिस्टरसाठी. त्यानंतर किती बायकांचे अर्ज त्यांनी लिहून दिले याची मोजदाद नाही. विधवा पेन्शन अडकलेल्या, घरकुलाचा हप्ता अडकलेल्या, एकीकडूनही कधी चहाचे पैसे घेतले नाहीत. माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, त्यांचे बरेचसे अर्ज मीच टाईप केलेत. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांतच बसवावा लागतो, तर ते शब्द बोटांवर मोजत सांगायचे.

त्यांचं शेवटचं भांडण नगरपरिषदेच्या पाण्याच्या पाइपलाइनचं. गुरुजींनी मागितलं काय तर इस्टिमेट, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, आणि बिलं. शिवाय कलम 2(ञ) प्रमाणे खड्ड्यात टाकलेल्या पाइपचा प्रमाणित नमुना. हो, कायद्यात सामानाचा नमुना घ्यायचा पण हक्क आहे, कित्येक अधिकाऱ्यांना हे गुरुजींकडूनच पहिल्यांदा कळलं. 30 दिवसांत उत्तर नाही. पहिल्या अपिलात तिथल्याच वरच्या अधिकाऱ्यांनी "अभिलेख शोधून द्यावेत" असा आदेश काढला, तो आदेशच पुढं कुणी शोधला नाही. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 रेकॉर्ड बघू द्यायचं असं 2018 चं सरकारचंच परिपत्रक आहे, ते घेऊन आम्ही चार सोमवार गेलो, चारही वेळा कपाटाची चावी रजेवर गेलेल्या माणसाकडे! मार्च 2023 मध्ये राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील केलं, अजून सुनावणीची तारीख नाही. खालच्या दोन पायऱ्यांना कायद्यानं मुदत आहे, आयोगाला दुसऱ्या अपिलासाठी मुदतच नाही. राज्यात अशी लाखाच्या आसपास प्रकरणं पडून आहेत म्हणतात. माहिती दडवणाऱ्याला रोज 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 दंड, तो पण सुनावणी झाली तरच ना? पाइपलाइन बुजवून वर रस्ता झाला, ठेकेदार दुसऱ्या कामावर गेला, आणि तारखेची वाट बघायला राहिले गुरुजी.

आता माझं सांगते, कारण मला पण बोलायचंय. दुसरं अपील पोस्टात टाकलं त्याच्या नवव्या दिवशी माझ्या दुकानाला अतिक्रमणाची नोटीस आली. डाव्या बाजूच्या दुकानाला नाही, उजव्या बाजूच्या नाही, फक्त मला. पुढची पत्र्याची शेड उचलून नेली, पावसात मशीन भिजलं, दुरुस्तीला मंगळसूत्र गहाण ठेवलं, ते अजून सोडवलेलं नाही. रात्री अकराला फोन, "ताई स्कूटीवरून जाताना जपून." तक्रार द्यायला गेले तर मलाच विचारलं, तुम्हाला या भानगडीत पडायला कुणी सांगितलं? माझ्या नवऱ्याला नाक्यावर लोक म्हणतात तुझी बायको ब्लॅकमेलर आहे. दहा रुपयांचा स्टँप लावून सही करून प्रश्न विचारणारी बाई ब्लॅकमेलर, आणि पुस्तिका लपवणारा सत्कारमूर्ती, हे कुठल्या न्यायात बसतं साहेब?

म्हणून धमकीचा फोन आला की मला माहिती अधिकारासाठी लढणाऱ्या तळेगावच्या सतीश शेट्टींची आठवण होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेलेला माणूस, जमिनीचे घोटाळे बाहेर काढले होते त्यानं, त्याचा खून झाला. त्याच वर्षी इचलकरंजीत तसेच लढणारे दत्ता पाटील गेले. 2016 मध्ये मुंबईत माहिती अधिकारवाल्या भूपेंद्र वीरांना घरात घुसून गोळी घातली. 2023 च्या फेब्रुवारीत राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली चिरडलं. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण द्यायचा कायदा 2014 मध्ये संसदेनं केला, राष्ट्रपतींची सही झाली आणि तो अजून लागूच केलेला नाही. उलट 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम 44(3) घालून माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) असं बदललं की कुठल्याही कागदावर माणसाचं नाव असलं की "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारायची सोय झाली. एमबीवर पण इंजिनिअरचं नाव असतंच की. संरक्षणाचा कायदा वर्षानुवर्षं पडून राहतो आणि नाकारायचा मार्ग मात्र बरोबर निघतो, याचा राग येणार नाही का आम्हाला?

आणि हे कुठं चाललंय तर टिळक-आगरकरांच्या महाराष्ट्रात, ज्यांनी लिहिण्यापायी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. देशाच्या आधी, 2002 मध्ये, आपल्या राज्यानं स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. तुम्ही भाषणात हे अभिमानानं सांगितलंत. मग ज्यांनी तो कायदा गावात वापरून जिवंत ठेवला त्यांना स्टेजची पायरी का चढू देत नाही?

गुरुजींनी मला हे पत्र लिहू नको म्हणून सांगितलंय. त्यांना शाल नको आहे, मला त्यांच्यासाठी हवी आहे, हे मी लपवत नाही. यादीतून नाव कुणी, कुणाच्या सांगण्यावरून काढलं ते लेखी कळवा. पाइपलाइनची एमबी आणि बिलं नगरपरिषदेच्या बोर्डावर लावा, कलम 4 प्रमाणे ती न मागताच लावायची आहेत. आयोगाच्या कामात तुम्ही ढवळाढवळ करू नये हे मला कळतं, पण तिथली रिकामी पदं वेळेवर भरायचा आग्रह मंत्रिमंडळात तुम्ही धरू शकता. आणि माझ्या तक्रारीची साधी पोच तरी मिळवून द्या.

गुरुजींना डाव्या डोळ्यानं आता नीट दिसत नाही. सुनावणीची तारीख आली की कागद मी वाचून दाखवणार आहे, फाइल दुकानात वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलीय.

आपली,
झेरॉक्सच्या दुकानातली एक नागरिक